चंद्री आज गवत खाऊ लागली

मंडळी, आज परसात घडलेलं तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवेना.

आमच्या किहीम गावाला मोटार आली, माझा टांग्याचा धंदा बंद पडला, तरी घोड्यांची जोडी मी घरामागं ठेवली होती. त्यातला राजा गेल्या आठवड्यात गेला. चंद्री रिकाम्या खुंट्याकडे तोंड करून उभी. गेले तीन दिवस तिनं गवताला तोंड लावलं नाही. तीही जाणार, असंच मी धरून चाललो होतो.

सकाळी शेजारची बायजा तणतणत आली. "तात्या, तुमची घोडी सारखी खिंकाळते, जिवाला चैन न्हाय!"

पण चंद्रीच्या पुढ्यात न खाता सुकलेलं गवत पाहून ती तशीच मागं वळली. घरी गेली आणि आपली शेळी आणून राजाच्या खुंट्याला बांधली.

शेळीनं बेधडक चंद्रीच्याच पेंढीत तोंड घातलं. चंद्रीनं कान पाडले, फुरफुरली, आणि मग मान खाली घालून खाऊ लागली.

"शेळी राहू दे गं दोन दिवस," मी म्हणालो.

"ऱ्हाईल की. पण तुमी जेवलाव का?"

बायको गेल्यापासून मी चुलीपाशी उभ्यानंच दोन घास गिळतो.

मंडळी, तुमच्यातलं कोण कोण एकटं जेवतं? उद्या दुपारी आपापली भाकरी घेऊन आमच्या ओट्यावर या. जागा पुष्कळ आहे.