अर्धा इंच

चौतिसाव्या वर्षी माझं आतडं आखूड केलं. आता अशी ऑपरेशनं लोकांना ऐकून तरी माहीत आहेत. तेव्हा सत्तरचं दशक सरत आलं होतं. कोल्हापुरात कुणाला सांगितलं की माणूस आधी माझ्या पोटाकडं बघायचा आणि मग तोंडाकडं, ही शुद्धीवर आहे ना म्हणून.

माझा भाऊ मुंबईत एका दवाखान्यात वॉर्डबॉय होता. दिवाळीला आला तेव्हा त्यानं सांगितलं, परदेशात शिकून आलेला एक सर्जन आहे, तो जाड माणसांच्या आतड्याचा बराच भाग वगळून टोकं परत जोडतो. मग खाल्लेलं अंगी लागायच्या आधीच पुढं निघून जातं. माझं वजन तेव्हा एकशे अठ्ठावीस किलो होतं. जिना चढताना मध्ये दोनदा बसायला लागायचं. रक्तात साखर होती, गुडघे गेले होते. आमच्या इथल्या डॉक्टरांनी तर सरळ सांगितलं होतं की असंच चाललं तर चाळिशी बघणार नाही.

माझे मालक शिंपी. महाद्वार रोडच्या मागच्या बोळात त्यांचं छोटं दुकान होतं, बायकांचे ब्लाउज शिवायचं. भावाचं सगळं ऐकून झाल्यावर त्यांनी एकच विचारलं, "लई दुखतंय का त्यात?"

हुपरीला माझी आई घरबसल्या चांदीच्या पैंजणांच्या कड्या जोडायची. तिला सांगितलं तर तिनं हातातला चिमटा खाली ठेवला. "देवानं मापात दिल्यालं हाय ते. त्यात कात्री घालणार तू?" म्हणाली. मी घातली.

ऑपरेशननंतर पहिलं वर्ष मी हगवणीत काढलं. दुसरा सभ्य शब्द वापरून उपयोग नाही. सगळ्या गल्लीत मिळून तीन संडास. सकाळी रांग असायची. टमरेल हातात धरून मी रांगेत उभी, आणि धीर धरवायचा नाही. शेवटी बायकाच म्हणायच्या, "जावा तुमी वहिनी, जावा फुडं." त्या मायेनं म्हणायच्या. मला मात्र प्रत्येक वेळी जमिनीनं पोटात घ्यावं असं वाटायचं. केस मुठीमुठीनं गेले. हातापायाचे सांधे दुखायचे. पण वजन उतरत होतं, आणि ते उतरतंय म्हटल्यावर मी सगळं सोसलं.

दर सहा महिन्यांनी मुंबईला जाऊन काट्यावर उभं राहायचं. कोल्हापुरात मी वजन करायची नाही. एस.टी. स्टँडवर नाणं टाकायचं, दिवे लागणारं मशीन होतं, पण ऑपरेशनच्या आधी एकदा मी त्यावर उभी राहिले तर मागं लोक जमले होते. तेव्हापासून त्याच्या वाटेला गेले नाही. पहिल्या सहा महिन्यांत वीस किलो गेले, वर्षभरानं काटा सत्त्याण्णववर आला. डॉक्टर खूश. नर्सला मी "येतो हं मी" म्हटलं तर ती हसत सुटली. आमच्याकडं बायका जातो-येतोच म्हणतात हे तिला ठाऊक नव्हतं. मीही हसले. तेव्हा मला हसायला काहीही पुरत होतं.

मालक दर सोमवारी माझं माप घ्यायचे, दुकान बंद असायचं म्हणून. मी हात वर करून उभी राहायची, ते टेप पाठीमागं नेऊन धरायचे आणि वाचायचे. "अर्धा इंच गेला." मग तिथंच मशीनवर बसून ब्लाउज आत घ्यायचे. गल्लीतल्या बायका म्हणायच्या, "वळखूच यीना की तुमी!" मी त्यांना थांबवून थांबवून सांगायची.

पुढच्या खेपेला काटा सत्त्याण्णववरच राहिला.

मी उतरले, चप्पल काढली, परत चढले. सत्त्याण्णवच. डॉक्टर म्हणाले, "थांबतं कधीकधी. पुढच्या वेळी हलेल." त्यांना ते एवढं साधं वाटलं. सत्त्याण्णव किलोची बाई म्हणजे काय हे त्यांना माहीत नव्हतं. ती रिक्षात बसली की शेजारी कुणी बसत नाही. तिचे गुडघे दुखायचे तसेच दुखतात. आणि आता तिला दिवसातनं पाच-सहा वेळा टमरेल घेऊन पळायला लागतं, ते वेगळंच.

घरी येऊन मी खाणं सोडलं. ताक आणि चहा, बस्स. आतड्यानं ऐकलं नाही तर पोटालाच ऐकवू म्हटलं. मालक ताट वाढून घ्यायचे आणि माझ्यासमोर बसायचे, मी भिंतीकडं तोंड करून पडायची. वेणी घातली नाही, कुणाशी बोलले नाही. त्यांनी एकदा माप घ्यायला टेप काढला तर मी तो हिसकावून फेकला. "काय करायचाय माप घिऊन? मेल्यावर घ्या," म्हणाले. ते खाली वाकून टेप गोळा करत राहिले.

मग एक दिवस नळावर पाणी भरताना मला चक्कर आली. कळशी एकीकडं, मी एकीकडं. शुद्धीवर आले तेव्हा मालक माझ्या डोक्याशी बसले होते. दुकानातनं तसेच पळत आले होते, टेप गळ्यात. त्यांचे ओठ पांढरे पडले होते. दुसऱ्या दिवशी हुपरीच्या गाडीनं आई आली. मला मऊ भात भरवताना म्हणाली, "आधी आतड्यावर रुसलीस, आता अन्नावर रुसलीस व्हय?" आणि पदर तोंडाला लावून रडली. तिला रडताना मी कधी बघितलं नव्हतं.

पंधरवड्यानं असेल, धुतलेला ब्लाउज अंगात घातला तर बगलेत सैल लागला. मी मालकांना हाक मारली. "अवो, बघा की! सैल झालाय!"

त्यांनी चिमटीत कापड धरून बघितलं. "मग? डॉक्टर म्हणालंच हुतं की हलंल म्हणून."

सोमवारी त्यांनी टेप लावला. अर्धा इंच. ब्लाउज आत घेतला. महिन्याभरानं परत सैल. परत अर्धा इंच. मी जेवायला लागले. वेणी घालायला लागले. मलकापूरला नणंदेच्या घरी लग्न होतं, तिथं दोन दिवस राहून आले. पाहुण्यांत मिरवले म्हणायला हरकत नाही. "अजून उतरतंय," मी विचारणाऱ्याला सांगायची, न विचारणाऱ्यालाही सांगायची.

मुंबईला गेले. तोच हॉल, तोच काटा. अठ्ठ्याण्णव.

"एक किलो वाढलंय," डॉक्टर म्हणाले. "बाई, खरं सांगा. काय खाता?"

मी सांगितलं. एक भाकरी, आमटी, दुपारी भात. त्यांचा विश्वास बसला नाही हे मला दिसलं. मी म्हणाले, "पर माझी कापडं सैल होत्यात की. मालक आत घेत्यात दर म्हैन्याला."

त्यांनी चष्मा काढला. जरा मऊ आवाजात म्हणाले, "आतडं शिकतं बाई. जेवढं राहिलंय तेवढंच सगळं ओढून घ्यायला लागतं. काहींचं असं होतं. कपड्यांचं मला काही सांगता येणार नाही."

परतीच्या गाडीत मी खिडकीशी बसले होते आणि माझा हात आपोआप बगलेतल्या शिवणीवर गेला. घरी आल्यावर ब्लाउज उलटा केला. शिवणीच्या आत जे जास्तीचं कापड सोडतात त्याला शिंपी माया म्हणतात. त्या मायेवर सुईच्या भोकांच्या ओळी होत्या. एक शिवण उसवलेली, तिच्या बाहेर दुसरी, मग परत पहिलीच्या जागी. बाहेर, आत, बाहेर, आत. माझे ब्लाउज इस्त्रीसाठी दुकानातच जायचे. तिथं ते शिवण बाहेर सोडायचे, मला सैल लागायचा, आणि मग माझ्यासमोर परत आत घ्यायचे. टेपवरचा आकडा तर तेच वाचायचे. कापड होतं तिथंच होतं. मीही होते तिथंच होते.

मी तो ब्लाउज घेऊन दुकानात गेले. गिऱ्हाईक नव्हतं. त्यांच्या मशीनवर तो उलटा पसरला.

त्यांनी पायडलवरचा पाय काढला.

"कवापासनं?" मी विचारलं.

"तू नळावर पडलीस न्हवं का. त्याच्यानंतर."

"फसवलंसा मला."

"व्हय."

"चार-पाच म्हैनं गावभर सांगत फिरलो मी. मलकापुरात सांगितलं. डॉक्टरला सांगितलं!"

त्यांनी ब्लाउजवरून हात फिरवला, इस्त्री केल्यासारखा. मग म्हणाले, "तू जेवाय लागलीस की गं."

मला त्यांना मारावंसं वाटलं आणि त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून रडावंसंही वाटलं. यातलं मी काहीच केलं नाही. घरी आले. खोटं बोलल्याचा राग मला फार दिवस राहिला नाही. मला खात होतं ते दुसरंच. ते चार-पाच महिने माझ्या आयुष्यातले चांगले महिने होते, आणि ते झालेच नव्हते. मी ज्या सुखानं वेणी घालत होते ते माझ्या अंगातनं आलेलं नव्हतं, त्यांच्या कात्रीतनं आलेलं होतं. आता कोणत्याही सुखावर विश्वास ठेवायचा म्हटलं तर आधी ते उलटं करून बघावंसं वाटायचं.

त्यानंतर आमच्यात माप घेणं बंद झालं. भांडण नव्हतं. मी स्वयंपाक करायची, ते जेवायचे, दोघंही गप्प. संध्याकाळी मी रंकाळ्यावर जाऊन बसायची. थोड्या वेळानं दुकान बंद करून ते यायचे आणि जरा लांब, दुसऱ्या पायरीवर बसायचे. माझ्यावर नजर ठेवायला येतात हे मला कळत होतं. अंधार पडला की उठायचं, ते मागं, मी पुढं. असं किती दिवस चाललं ते आठवत नाही. गल्लीतली एक म्हातारी एकदा सहज म्हणाली, "आपरेशन करून बी तू एवढीच राहिलीस की." तिचं काय चुकलं? मी एवढीच राहिले होते.

पुढच्या काही वर्षांत मूतखडे झाले. एकदा नव्हे, परत परत. मुंबईचे डॉक्टर म्हणाले, हे त्या आखूड आतड्यानंच होतंय, वगळलेला भाग पोटात तसाच आहे, तो परत जोडून टाकू, नाहीतर मूत्रपिंड जाईल. मी विचारलं, "मग वजन?" ते कागद चाळत राहिले. मालक माझ्या शेजारी उभे होते. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि डॉक्टरांना म्हणाले, "जोडा."

जोडलं. हगवण थांबली, खडे थांबले, केस थोडे आले. आणि वजन परत आलं. जाताना गल्लीभर डंका पिटत गेलं होतं, येताना गुपचूप आलं. दोन वर्षांत मी होते तिथं पोचले. कुणी काही म्हणालं नाही, तेच जास्त लागलं.

ऐंशीचं दशक संपता संपता बिद्रीकडनं एक बाई आपल्या मुलीला घेऊन माझ्याकडं आली. तिचे मालक तिथल्या साखर कारखान्यात कामाला, एवढंच तिनं सांगितलं. माझ्या ऑपरेशनचं तिनं कुणाकडनं तरी ऐकलं होतं. मुलगी वीस-बावीसची, खूप जाड, दारातनं अंग तिरकं करून आत आली. आईच बोलत होती. स्थळं परत जातात, दम लागतो, मुंबईत आता नवीन तऱ्हेनं करतात म्हणे, पोटच लहान करतात. मुलगी पदराचं टोक बोटाला गुंडाळत खाली बघत होती.

आई पाणी प्यायला आत गेली तेव्हा ती पहिल्यांदा बोलली. "मावशी, कमी व्हायचं थांबलं, तवा तुमी काय केलासा?"

मी पुष्कळ काही सांगू शकले असते. तिच्या डोळ्यांकडं बघून त्यातलं काहीच सांगवेना.

"काय न्हाय," मी म्हणाले. "थांबलं की थांबतंय. मग तसंच ऱ्हायचं."

तिनं मान हलवली. आई बाहेर आली, मी चहा केला, त्यांनी घेतला आणि संध्याकाळच्या गाडीनं त्या गेल्या. तिनं पुढं काय केलं, मला कळलं नाही.