अक्कांची हजेरी

अक्कांचा मशिनवर काडीचा विश्वास नव्हता. आधी त्या त्याची हजेरी घेत. शाहूपुरीतल्या आमच्या छोट्या कंपनीत दूध संकलन केंद्रांसाठी वजन आणि फॅट मोजणारी यंत्रं बनत. त्यांच्या कर्नलचं, म्हणजे यंत्राच्या अगदी मुळाशी चालणाऱ्या प्रोग्रॅमचं काम अक्कांकडं. राधानगरीच्या, आमच्यात वयानं थोरल्या, आणि आवाज असा की खालच्या चहावाल्याला ऑर्डर वरूनच जाई.

यंत्राच्या बोर्डाला प्रोब, म्हणजे आतलं काम तपासायचं उपकरण, जोडला, की कर्नल जिथून हमखास जाणारच अशा एका ओळीवर त्या ब्रेकपॉइंट, म्हणजे मशीनला थांबवणारी खूण, लावत. मशीन तिथं थांबलं, की त्यांनीच लिहून ठेवलेली अक्षरं पडद्यावर उमटत : ‘हाय की!’ मगच पुढचं काम. "दारातच थांबंना झालं, तर आत काय शोधतोस कपाळ?" असं मला कितीदा तरी ऐकावं लागलं.

एका वर्षी यंत्रं ऐन सकाळी, कॅन रांगेला लागलेले असताना, चालता चालता गोठायला लागली. अक्कांचा संशय एका फंक्शनवर, प्रोग्रॅमच्या एका तुकड्यावर होता, पण तिथं ब्रेकपॉइंट लावूनही मशीन काही थांबेना. मालक वैतागले, "तिथनं जातच नसंल ते. सोडा की नाद." अक्का उसळल्या, "थांबलं न्हाय म्हंजे गेलंच न्हाय, असं कुठं असतंय व्हय?"

निम्मं कोडं त्यांनी सोडवलं. आम्ही खूण लावत होतो आधी, आणि कर्नल नंतर मेमरीत उतरताना ती पुसून टाकत होता. मग खूण मेमरीत न ठेवता थेट प्रोसेसरलाच सांगून ठेवली. तरीही मशीन थांबेना.

त्याच दिवसांत जिना चढताना अक्का मधेच कठडा धरून उभ्या राहू लागल्या. छातीवर दाब यायचा. ईसीजीत काहीच निघालं नाही. डॉक्टरांनी पुढची तपासणी सांगितली होती, ती त्या ढकलत राहिल्या. "हे मशीन सुटू दे एकदा."

मी त्यांचंच वाक्य त्यांना ऐकवलं. "अक्का, थांबलं नाही म्हणजे गेलंच नाही, असं असतं का?"

त्या खो खो हसल्या. "मशिनचं माणसाला लावतोस व्हय रं?"

मी हट्टच धरला. शेवटी सोमवारची वेळ घ्यायला त्यांनी मला परवानगी दिली.

शनिवारी कोडं सुटलं. प्रोसेसरचे गाभे, म्हणजे कोअर, दोन, आणि आमचा प्रोब एकाचीच राखण करत होता. संशयित काम दुसऱ्यावरून बिनबोभाट निघून जात होतं. "दारात राखण, आणि चोर मागच्या परड्यातनं!" अक्का ओरडल्या. दोन्हीकडं खूण लावली आणि मशीन बरोबर त्याच फंक्शनवर थांबलं. त्यांनी माझ्या पाठीत असा धपाटा घातला की चष्मा खाली पडला.

रविवारी सकाळी, चहा ठेवता ठेवता, अक्का गेल्या.

मला अजून त्यांचा राग येतो. चरचरीत, घरच्या माणसाचा येतो तसा.

त्यांची खुर्ची आता दुसऱ्या कुणाची आहे. पण रोज सकाळी प्रोब जोडला की पडद्यावर ‘हाय की!’ येतं, आणि माझी मान आपसूक त्या खुर्चीकडं वळते. नवी पोरं विचारतात, ही ओळ काढू का? मी नको म्हणतो. कधी केबल सैल राहते, मशीन न थांबता पुढं निघून जातं, पडद्यावर काहीच उमटत नाही. त्या कोऱ्या पडद्याची मला भीती वाटते.