वहिनी आहेत का?

दुकानात दोन टेबलं होती. दाराजवळचं उस्तादांचं आणि आत खिडकीखाली त्यांच्या बायकोचं. उस्ताद वीस वर्षं लॅपटॉप दुरुस्त करत आले होते, आणि बायकोला हे काम त्यांनीच शिकवलं होतं. कपड्यांचा कारखाना बंद पडून तिची शिलाई सुटली, तेव्हा तेच म्हणाले होते, "घरी बसून काय करतेस? चल दुकानात, निदान स्क्रू तरी नीट वेगळे ठेवशील." स्क्रू वेगळे ठेवता ठेवता सहा वर्षांत बाई अशी तयार झाली, की आता गिऱ्हाईक आत पाऊल टाकायचं आणि उस्तादांच्या डोक्यावरून पलीकडे बघत विचारायचं, "वहिनी आहेत का?"

तेवढं ऐकलं की उस्तादांच्या पोटात दुखायला लागायचं.

तिची कामाची रीतच त्यांच्या डोळ्यांत खुपायची. ती आधी गिऱ्हाइकाला पोटभर बोलू द्यायची. मागे एका शिक्षिकेचा लॅपटॉप अजिबात चालू होत नव्हता. उस्तादांनी वरवर बघून मदरबोर्ड गेल्याचं सांगून टाकलं. बायकोने चार्जर काढला, आतून बॅटरीची जोडणी सोडवली, चालू करायचं बटण अर्धा मिनिट दाबून धरलं आणि सगळं पुन्हा जोडलं. स्क्रीन लख्ख उजळली. शिक्षिकाबाई नाचायच्याच बाकी होत्या. "मीही आता तेच करणार होतो," उस्ताद म्हणाले. कोणी लक्षही दिलं नाही.

एका बुधवारी नाट्यगृहातला प्रकाशयोजनाकार आला. नाटकात कुठला दिवा कधी लागायचा, कधी विझायचा, हे सगळं त्याच्या लॅपटॉपमध्ये होतं. उस्तादांनी हात पुढे केला, तर तो म्हणाला, "वहिनींनाच दाखवतो. मागच्या वेळी त्यांनीच केला होता."

उस्तादांनी पुढे केलेला हात तसाच मागे नेऊन मान खाजवली.

बायकोने झाकण हळूहळू उघडलं. अर्ध्यापर्यंत चित्र होतं, त्यापुढे स्क्रीन काळी. पुन्हा मागे आणलं, चित्र आलं. "स्क्रीनला काही झालेलं नाही," ती म्हणाली. "बिजागरीपाशी आतली केबल दबून तुटत आलीय. उद्या दुपारी घेऊन जा."

"नक्की ना? उद्या संध्याकाळी प्रयोग आहे."

"नक्की."

ती 'नक्की' म्हणाली आणि माणूस निर्धास्त होऊन गेला! उस्तादांच्या शब्दावर कोणी असं कधी गेलं होतं का? सतरा प्रश्न विचारायचे लोक.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायको नवी केबल आणायला बाजारात गेली. दुकानात उस्ताद एकटेच होते. तिच्या टेबलावरचा लॅपटॉप त्यांना काही स्वस्थ बसू देईना. केबल बदलायची गरज नसेलच, नुसती सैल झाली असेल. ती येण्याआधी आपण नीट बसवून टाकू, मग बघू तिचं तोंड कसं होतं ते. त्यांनी खालचं झाकण उघडलं, केबल उपसली आणि घाईघाईने पुन्हा खुपसली. बारीकशी ठिणगी उडाली. चालू करून पाहिलं, तर स्क्रीन पूर्ण काळी.

आधी बॅटरी सोडवायची, मगच आत हात घालायचा. हा धडा त्यांनीच बायकोला पहिल्या दिवशी दिला होता. त्यांनी झाकण लावलं, लॅपटॉप होता तसा ठेवला आणि स्वतःच्या टेबलाशी येऊन एक चांगला कीबोर्ड उगाचच पुसत बसले.

बायको आली. तिने नवी केबल बसवली, बटण दाबलं. अंधार. तिने टॉर्च स्क्रीनवर तिरका धरला, तर आत पुसट चित्र दिसलं. मशीन चालत होतं, फक्त स्क्रीनमागचा दिवा लागत नव्हता. मीटर लावून तिने बोर्डावरचा मोहरीएवढा फ्यूज तपासला. उडालेला.

तिने मान वर करून नवऱ्याकडे पाहिलं. उस्ताद कीबोर्ड पुसत होते.

तेवढ्यात प्रकाशयोजनाकार दारात. स्क्रीन बघून त्याच्या तोंडचं पाणी पळालं. "अहो वहिनी, काल तर निम्मं तरी दिसत होतं! तुम्ही नक्की म्हणालात म्हणून मी दुसरीकडे गेलोसुद्धा नाही."

"माझ्या हातून काहीतरी झालं असेल," ती शांतपणे म्हणाली. "तासभर द्या. मी करून देते."

खरं तर उस्ताद सुटले होते. पण त्यांना सुटल्यासारखं वाटेना. आपली चूक पदरात घेऊन ही बाई आणखी वरच्या पायरीवर जाऊन बसली, आणि आपण खाली कीबोर्ड पुसतोय! त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"तिने काही केलेलं नाही," ते जवळजवळ ओरडलेच. "मी केलं. ती नसताना मी उघडला होता. बॅटरी न काढता."

प्रकाशयोजनाकार दोघांकडे आळीपाळीने बघत राहिला. बायको एवढंच म्हणाली, "असाच फ्यूज कुठल्या भंगार बोर्डात मिळेल?"

ते मात्र उस्तादांना ठाऊक होतं. खालच्या खोक्यातून तिसरा बोर्ड त्यांनी न चाचपडता काढला. त्यातला फ्यूज उतरवून सोल्डरचा डाग तिने दिला. त्यांचा हात आताशा इतक्या बारीक कामाला स्थिर राहत नसे, आणि तेही त्यांनी आजवर कोणाला सांगितलं नव्हतं. स्क्रीन उजळली. झाकण पुढेमागे करून झालं, चार्जर काढून बॅटरीवर चालवून झालं. माणूस लॅपटॉप छातीशी धरून नाट्यगृहाकडे पळाला.

"इतकं काय पोटात दुखत होतं?" बायकोने विचारलं.

"सगळे तुलाच विचारतात."

"मग मी काय तोंड लपवून बसू? फ्यूजचं मला काही नाही. माझ्या टेबलाला माझ्या मागे हात लावलात, त्याचा राग आहे."

दोन दिवस ती कामापुरतंच बोलली. तिसऱ्या दिवशी तिने आपल्या टेबलाच्या खणाला कुलूप लावलं. उस्तादांना ते झोंबलं.

मत्सर काही एका फ्यूजबरोबर उडून जात नाही. कोणी कोणाला विचारलं, हे उस्ताद अजूनही मनात मोजतात. परवा चौघांनी तिला विचारलं आणि एकाने त्यांना. तो एकही शेजारच्या चष्म्याच्या दुकानाचा पत्ता विचारत होता. जेवताना हे त्यांनी स्वतःहूनच बायकोला सांगितलं. तिला हसता हसता ठसका लागला. उस्तादांनी पाण्याचा पेला पुढे सरकवला आणि जरा उशिरानेच का होईना, तेही हसले.