वायर लावल्यावर बोलायचं नाही

फोनवर त्याचंच नाव आलं. 'शरणू मैलूर'. दोन वर्षांत पहिल्यांदा. मी आळंदच्या अडतीवर तुरीच्या ढिगात हात घालून उभा होतो, भाव जमत नव्हता, आणि मी नाव पाहून फोन तसाच खिशात ठेवला. वाजू दे म्हटलं. दोन वर्षं मी वाट पाहिली, आता त्यानं थोडी पाहावी... दुसऱ्यांदा वाजला तेव्हा मनात म्हणालो, आला एकदाचा वाकून. उचलला तर पलीकडे त्याची मुलगी. "काका, अप्पा गेले. सकाळीच. छातीत कळ आली म्हणाले, अन्..." पुढं तिला बोलता येईना. अडत्या विचारत होता, "मग शेठ, पक्कं समजू का?" मी त्याच्याकडे बघत राहिलो. पहिल्या खेपेला फोन उचलला असता तरी काही बदललं नसतं, हे मला कळतं. तरी दीड महिना झाला, तेच डोक्यात घोळतंय.

शरणप्पाची आणि माझी ओळख घासाघिशीतूनच झाली. आमच्या घरात मेंढरं होती, मी पहिला धंद्यात पडलो. सायकलवर गुरांना घालायच्या चुणीची पोती लादून गावोगाव विकायचो. भंगारातून एक बंद पडलेला इलेक्ट्रॉनिक काटा उचलला आणि बीदरला मैलूरमध्ये त्याच्या रिपेरीच्या दुकानात नेऊन टाकला. त्यानं मजुरी सांगितली, मी निम्म्यावर आलो. तो काही बोलला नाही, पेच काढायला लागला. मी माझी गरिबी सांगितली, बाजारातले दुसरे दर सांगितले, उठून जायचं नाटक केलं, परत येऊन बसलो. तासाभरानं मी दमून गप्प झालो तर काटा चालू होऊन समोर उभा. "झाली का तुझी?" म्हणाला. "माझी केव्हाच झाली." असा माणूस. त्याच्याशी भांडायचं तर एकट्यालाच भांडावं लागायचं. पुढं मन्नाएखेळ्ळीला हायवेवर मी डाळमिल टाकली, तेव्हा तिथलं वायरिंग त्यानंच केलं, आणि मिल चालू करायची कळ त्यानं माझ्या आईच्या हातून दाबून घेतली. मी एका बड्या माणसाला बोलावणार होतो. "तो काय पोती उचलायला आलता व्हय?" एवढंच विचारलं त्यानं.

आता त्या दिवसाचं सांगतो. आमच्या मिलमध्ये सॉर्टर आहे. डाळीचा प्रत्येक दाणा कॅमेऱ्यापुढून पडतो, डागी दाणा दिसला की मशीन हवेचा फटका मारून त्याला बाजूला उडवतं. त्याशिवाय आजकाल डाळ कोणी हातात धरत नाही. ऐन हंगामात वीज कमीजास्त झाली आणि सॉर्टरच्या बोर्डातला प्रोग्रॅमच पुसला गेला. कंपनीचा माणूस यायला दहा दिवस लागणार होते. बाहेर गाडी उभी, हैदराबादचा व्यापारी दर तासाला फोन करणार, आणि आज माल निघाला नाही तर तो दुसऱ्या मिलकडं वळणार. अशा वेळी मी शरणूशिवाय कोणाला बोलावणार?

तो आला, लॅपटॉप उघडला. बोर्डाला जुन्या पद्धतीचं नऊ पिनांचं सॉकेट, लॅपटॉपला फक्त यूएसबी. दोघांना जोडायला मधे एक वायर लागते. एका टोकाला यूएसबी, दुसऱ्या टोकाला नऊ पिना, आणि पिनांच्या दोन्ही बाजूंना दोन बारके पेच. ते आवळले की वायर हिसकली तरी निघत नाही. त्याची स्वतःची वायर त्या दिवशी भालकीला एका गिऱ्हाइकाकडं राहिली होती. मी म्हणालो, ही घे, मागं हैदराबादहून आणून ठेवलीय. चांगली तीन दुकानं फिरून, भांडून आणली होती. त्यानं ती लावून पाहिली, पेच फिरवले.

"बिरू, ह्याचे पेच बसंनात. नुसतीच टेकून राहायलीय. उद्या माझी आणतो."

"उद्या? बाहेर गाडी दिसंना का तुला?"

"प्रोग्रॅम लिहिताना मधीच वायर निघाली तर बोर्ड मरतंय. मग मी पण काय करू शकत न्हाई."

"कामून निघंल? कोन काढायलंय? लाव तू!"

त्यानं लावली. पडद्यावर पट्टी सरकायला लागली. अर्ध्या तासाचं काम होतं. मिल बंद होती, तरी माणसं त्या खोलीच्या दारात गोळा झालेली. नीलव्वा पुढंच होती. ती मिल सुरू झाल्यापासून आमच्याकडं डाळ पाखडते. तेवढ्यात व्यापाऱ्याचा फोन आला आणि माझा आवाज चढला. मी खोलीत येरझाऱ्या घालत बोलत होतो, एक डोळा पट्टीवर. निम्म्याच्या पुढं गेली, पाऊण झाली... आणि थांबली. बोर्डावरचे दिवे एकेक करून विझले.

मी फोन कापला आणि जे बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. माझं मशीन मारलंस, हे नक्की म्हणालो. रेडिओ उघडणाऱ्याला मशीन दिलं ही माझी चूक, हेही म्हणालो. दहा-बारा माणसं ऐकत होती. शरणू खाली वाकला, वायर हातात घेतली, तिची गुंडाळी केली. मग उठून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "आवाजानं डेटा तुटला. लई नाजूक असतंय हे. वायर लावल्यावर खोलीत कोनी बोलायचं न्हाई. बिरू, पुढल्या खेपेला तू बाहेर बसायचं."

मला. माझ्या मिलमध्ये. माझ्या माणसांदेखत.

गाडी रिकामी गेली, व्यापारीही गेला. शरणू बोर्ड पिशवीत घालून हैदराबादला घेऊन गेला, तिथं कोणाकडून तरी ते जिवंत करून तीन दिवसांनी परत आला. त्यानं स्वतःची वायर आणली होती. पेच आवळले, माझ्याकडं पाहिलं. मी बाहेर गेलो. दाराशी खुर्ची टाकून, दात आवळून अर्धा तास बसलो. आत कोणी ब्रही काढला नाही. मग सॉर्टरच्या हवेचा फट्‍ फट्‍ आवाज सुरू झाला. तो हात पुसत बाहेर आला, तेव्हा मी म्हणालो, "झालं न्हवं? आता निघ." नीलव्वा चहा घेऊन येत होती. तो चहा न घेता निघाला, आणि मी त्याला हाक मारली नाही.

त्यानंतर एकदाच दिसला. हुमनाबादला लग्नात, पंगतीच्या पलीकडच्या टोकाला. त्यानं हात वर केला. मी हात धुवायला निघून गेलो. सरळ सांगायचं तर मला बरं वाटलं होतं.

मैलूरला भेटायला गेलो तेव्हाही राग गेला नव्हता. मेलेल्या माणसावर राग धरू नये म्हणतात, पण राग काय विचारून राहतो? गौरक्कानं, त्याच्या बायकोनं, फक्त विचारलं, "मशीन चालतंय न्हवं चांगलं?" मी व्हय म्हणालो.

मागच्या आठवड्यात ते पुन्हा थांबलं. ह्या वेळी कंपनीचा इंजिनियर दुसऱ्याच दिवशी आला. तरणाबांड, कानात इयरफोन. त्यानं वायर जोडली आणि आमच्या मिलमध्ये त्या दिवसापासून जे ठरलंय ते झालं. हमालांनी गप्पा थांबवल्या, कोणीतरी दाराबाहेर चपला काढल्या, मी माझी खुर्ची उचलली.

"सर, सगळे कुठं निघाले?"

"आवाज नको ना," मी म्हणालो. "डेटा तुटतो."

तो हसला. "आवाजाचा काय संबंध? वायरला काय कान असतात? तुम्ही इथं बँड लावा. फक्त वायरीत कोणाचा पाय अडकू देऊ नका."

मी नीलव्वाकडं पाहिलं. का पाहिलं सांगता येणार नाही. ती सुपात डाळ नसताना सूप हलवत होती.

"काय गं?"

"काई न्हाई, अण्णा."

"बोल."

"तवा तुमी फोनवर होताव..." ती जमिनीकडं बघत म्हणाली. "हिकडून तिकडं फिरताव. तुमच्या चपलंत वायर अडकली अन् निघाली. आमी समद्यांनी बघितलं, तुमाला कळलं बी न्हाई. मी बोलणारच होते, तर शरणप्पानं व्हटावर बोट ठिवलं."

"दोन वर्षं झाली! कामून सांगितलं न्हाईस?"

"तुमाला कोन सांगावं?"

इंजिनियर वाट पाहत होता. "सुरू करू का सर?"

मी खुर्ची खाली ठेवली. मला शरणूवर ओरडायचं होतं. सांगायचं होतंस, म्हणायचं होतं. पेच न बसणारी वायर माझी, पाय माझा, आणि बोलणी तू खाल्लीस. दहा माणसांत तू मला तोंडावर हाणायला हवं होतंस, मी चार दिवस पेटलो असतो आणि पाचव्या दिवशी मैलूरला येऊन तुझ्या बाकड्यावर बसलो असतो. मी बरोबर होतो असं तू मला दोन वर्षं समजू दिलंस... हे मला अजून पटलेलं नाही. पण त्यावरून आता कोणाशी भांडू?

"कर," मी म्हणालो. दारात चपला काढल्या आणि त्या दिवसानंतर पहिल्यांदा आत, भिंतीला पाठ लावून उभा राहिलो. पट्टी सरकायला लागली. खिशात फोन वाजला, मी तो बंद केला. नीलव्वा दारात तशीच उभी, तिच्यामागं हमाल. त्या अर्ध्या तासात आमच्यातलं कोणी बोललं नाही. बोलल्यानं काही बिघडत नाही हे त्या सगळ्यांना माहीत होतं. आता मलाही.