हरिचंद्र राऊत, लाँड्रीवाला

बदलापूर गावातल्या तीन पिढ्यांचे कपडे कौसाबाई राऊतांच्या इस्त्रीखालून गेले आहेत. आज त्या त्र्याहत्तर वर्षांच्या आहेत. नातीनं विजेची इस्त्री आणून दिली, पण त्यांचा जीव अजून कोळशाच्या इस्त्रीवरच. लिहितावाचता येत नाही, मात्र कुठल्या गठ्ठ्यात कुणाचा सदरा, हे त्यांना कधी विचारावं लागलं नाही.

त्यांचा नवरा हरिचंद्र हाही परटाच्याच घरातला. पण त्यानं नदीवरचा धोंडा सोडला आणि समुद्र धरला. नौदलाच्या एका जहाजावर तो कंत्राटदारामार्फत लाँड्रीवाला म्हणून लागला. खलाशांचे पांढरे गणवेश धुवायचे, कडक इस्त्री करायची, हे त्याचं काम. एकाहत्तरच्या लढाईत पाणबुडीचा पाणतीर लागून ते जहाज बुडालं. कौसाबाई तेव्हा वीस वर्षांच्या, पाच महिन्यांच्या गरोदर. कंत्राटदाराचा माणूस आला, ओटीवर बसून चार वाक्यं बोलला आणि निघून गेला. प्रेतच नव्हतं, तेव्हा अग्नी कशाला द्यायचा यावर घरात दोन दिवस वाद चालला. शेवटी दर्भाचा पुतळा करून तो जाळला. त्यानंतर कौसाबाईंनी हरिचंद्रबद्दल कुणाकडे काही मागितलं नाही. मुलगी वाढवली, तिचं लग्न केलं, आणि मुलगी गेल्यावर तिची पोर ऋतिका हिलाही वाढवलं.

दोन वर्षांपूर्वी बेलवलीच्या बाजूला एका बागेत स्मारक उभं राहायला लागलं. सागरवीर स्मारक समिती म्हणून काही मंडळी एकत्र आली होती. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यातले जे नौसैनिक युद्धात मेले, त्यांची नावं काळ्या दगडावर कोरायची होती. ऋतिकानं मोबाइलवर आलेली यादी आजीला वाचून दाखवली. सात नावं होती. त्यातली दोन हरिचंद्रच्याच जहाजावरची.

"आणि ह्यांचं?" कौसाबाईंनी विचारलं.

"नाय गं आजी. दोनदा बघितलं मी."

दुसऱ्या दिवशी दोघी कात्रपला समितीच्या ऑफिसात गेल्या. सचिव अवधूत वयानं चाळिशीचा, वागायला नम्र. त्यानं पंखा लावला, पाणी मागवलं.

"आजी, तुमच्या मिस्टरांबद्दल आम्हाला आदरच आहे," तो म्हणाला. "पण हे सैनिकांचं स्मारक आहे. ते सिव्हिलियन होते. कंत्राटी. टेक्निकली बसत नाही ते."

"म्हंजे?"

"म्हणजे ते लढणारे नव्हते ना. उद्या मग न्हावी येईल, कँटीनवाला येईल. कुठेतरी लाइन आखावी लागते."

"पान्यानं आखली होती का लाइन?" कौसाबाई म्हणाल्या. "सैनिक तेवढे बुडाले आन् परीट तरंगला, आसा झाला का?"

अवधूतनं फाईल मिटली. कमिटीत विषय ठेवतो म्हणाला. ऋतिकानं तीन अर्ज लिहून दिले. एकाचंही उत्तर आलं नाही.

मग त्या शशिकांत सावंतांकडे गेल्या. सावंत नौदलातून निवृत्त झालेले, त्याच लढाईत दुसऱ्या जहाजावर होते. समितीचे ते मानाचे सदस्य. त्यांनीही आधी नियमाचंच सांगितलं. कौसाबाईंनी मध्येच विचारलं, "साहेब, मना एक सांगा. लढाईचा भोंगा वाजला की तुमचा परीट काय करायचा? कपडे धुवत बसायचा?"



"नाही," ते म्हणाले. "आमच्या जहाजावर लाँड्रीवाले स्ट्रेचर उचलायचे. जखमी माणसाला खाली डॉक्टरकडे न्यायचं काम त्यांचं. कमी पडलं तर दारूगोळाही हातोहात पुढे द्यायचे."

"तवा चालला तो तुमाला."

"हो."

"तवा कुनी कागद नाय बघितला."

सावंतांच्या बायकोनं चहा आणला होता. कौसाबाईंनी तो घेतला नाही.

त्या आठवड्यात सावंत समितीत भांडले असावेत. कारण डिसेंबरात उद्घाटनाचं बोलावणं घरी आलं आणि अवधूतचा फोनही आला, "आजी, नाव घातलंय."

उद्घाटनाला मांडव होता, बँड होता. पाहुणा दीड तास उशिरा आला. मेलेल्यांच्या घरची माणसं तोवर उन्हात बसून राहिली. मग पडदा सरला. सगळ्यात वर देणगीदारांची आणि पदाधिकाऱ्यांची नावं मोठ्या सोनेरी अक्षरांत होती. त्यांच्या खाली लहान अक्षरांत सात नावं, मग थोडी जागा सोडून एक शब्द, आणि त्याच्या खाली आठवं नाव.

कौसाबाईंनी दगडाकडे बोट केलं. "वाच."

ऋतिकानं वाचलं, "हरिचंद्र राऊत."

"त्येच्या डोक्यावर काय लिवलाय?"

कौसाबाईंनी पुन्हा विचारलं.

"इतर," ती म्हणाली.

कौसाबाई उठल्या आणि भाषण चालू असतानाच दगडापुढे जाऊन उभ्या राहिल्या. अवधूत धावत आला. "आजी, प्लीज, कार्यक्रम होऊ द्या, नंतर बोलू."

"बावन वर्सं झाली, आजून नंतर?" त्यांचा आवाज चढला नव्हता, पण पहिल्या दोन रांगांना ऐकू गेला. "ज्यांची कापडां धुतली त्यांच्या बरोबर मेला तो. त्याला वेगळा का बसवलाव? ह्यो शब्द काढा. नायतर माझ्या मानसाचा नावच काढा. भीक नको मना."

पुष्पचक्र वाहायचं होतं शशिकांत सावंतांनी. ते चक्र हातात धरून दोघांच्या मागे उभे होते.

"शब्द निघेपर्यंत मी हे वाहणार नाही," ते म्हणाले, आणि चक्र घेऊन खुर्चीवर जाऊन बसले.

पाहुण्याला पुढच्या कार्यक्रमाची घाई होती. शेवटी कुणीतरी काळी चिकटपट्टी आणून तो शब्द झाकला. मग सावंतांनी चक्र वाहिलं. त्यांनी आठही नावं उच्चारली, मध्ये न थांबता.

पंधरा दिवसांनी कारागिरानं मशीन लावून शब्द घासून काढला. दगड तिथं किंचित खोलगट झाला आहे. अवधूत मग शाल आणि नारळ घेऊन घरी आला, वीरपत्नी म्हणून सत्कार करायला, सोबत फोटो काढणारा. कौसाबाई इस्त्री करत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. तो शाल ओटीवर ठेवून गेला. दुसऱ्या दिवशी ऋतिकानं ती घडी न मोडता कात्रपला परत नेऊन दिली.