आट्यांच्या लेन्ससाठी बॉडी

वडिलांची अट एकच होती. चित्रांचे फोटो काढायचे तर ते त्यांच्याच लेन्समधून.

त्यांच्याकडे जुन्या फिल्म कॅमेऱ्याच्या दोन लेन्स आहेत. कॅमेरा केव्हाच निकामी झाला, लेन्स राहिल्या. दोन्ही पूर्ण धातूच्या, बाटलीच्या झाकणासारख्या आट्यांवर फिरवून बसवायच्या. वडील रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये होते. सुट्टीच्या दिवशी ते कल्याणच्या खाडीवर किंवा आंबिवलीपलीकडे नदीकाठी जात, या लेन्समधून फोटो काढत आणि घरी येऊन त्यावरून जलरंगात चित्र करत. चित्रांतला चिखल, गवत, आकाश मुळात त्या काचेतून आलंय, दुसऱ्या काचेतून पाहिलं तर ते वेगळंच काहीतरी होईल, असं त्यांचं म्हणणं. माझी सगळी नोकरी वर्तमानपत्राच्या डेस्कवर झाली. अशा विधानाला पुरावा मागायची सवय आहे. या वेळी मागितला नाही, कारण वेळ नव्हता.

डोंबिवलीतली त्यांची इमारत पुनर्विकासाला गेली होती. दिवाळीनंतर घर रिकामं करायचं होतं. भाड्याच्या घरात भिंती कमी, त्यामुळे चित्रं वाटून टाकायचं ठरलं. एक नागपूरला आत्याकडे, दोन मावशीकडे, काही भाच्यांकडे, एक थेट कॅनडाला. वडिलांनी कधी प्रदर्शन भरवलं नाही. चित्रं पलंगाखाली, कपाटावर, शेजाऱ्यांच्या हॉलमध्ये अशी विखुरलेली होती. वाटली जाण्याआधी आपलं सगळं काम एकदा सलग पाहावं, एवढीच त्यांची इच्छा होती. ते फोटोंतूनच शक्य होतं.

म्हणजे लेन्स होत्या, चित्रं होती, फक्त मागची बॉडी, म्हणजे लेन्सशिवायचा कॅमेरा, हवी होती. मला वाटलं, हे आठवड्याचं काम आहे.

गरज मी आधी नीट ठरवली. चित्र भिंतीवर राहील, कॅमेरा चार फुटांवर ट्रायपॉडवर. दोन्ही हलणार नाहीत. सेन्सर मात्र जुन्या फिल्मच्या आकाराचा पाहिजे. तो लहान असेल तर लेन्स चित्राचा मधलाच भाग टिपते आणि कॅमेरा मागे न्यावा लागतो. वडिलांच्या खोलीत मागे लोखंडी कपाट आहे. दुसरं, फोकस हातानं करायचा, म्हणून व्ह्यूफाइंडरमध्ये चित्र मोठं करून दिसलं पाहिजे. तिसरं, मधली रिंग लावून आट्यांची लेन्स बसली पाहिजे. बाकी काही नको. चार-पाच वर्षं वापरलेली बॉडीसुद्धा चालेल.

ठाण्यातल्या दुकानात मी हे याच क्रमानं सांगितलं. विक्रेत्यानं ऐकून घेतलं आणि सगळ्यांत नवीन मॉडेल काढलं. त्याचा ऑटोफोकस किती वेगवान आहे हे तो सांगू लागला. मी म्हटलं, या लेन्सला ऑटोफोकसच नाही.

"पण मॅडम, उडत्या पक्ष्याचा डोळा पकडतो हा."

"चित्रं भिंतीवर असतात. उडत नाहीत."

तो हसला आणि व्हिडिओबद्दल बोलू लागला. सोबत एक लेन्स फुकट मिळेल असंही म्हणाला. मला लेन्स नको आहे, हे त्याला शेवटपर्यंत पटलं नाही.

मग मी जुन्या सहकाऱ्याला फोन केला. तो आमच्या पेपरचा फोटोग्राफर होता. त्यानं अमुक बॉडी घेऊ नकोस म्हणून बजावलं, कारण तिच्यावर आट्यांची लेन्स लावली की दूरचा डोंगर स्पष्ट येत नाही. मी चार फुटांची आठवण करून दिली. तो म्हणाला, ते ठीक आहे, पण उद्या डोंगराचा फोटो काढावासा वाटला तर? त्यानंतर त्यानं जुन्या लेन्सचा नाद सोडून चांगली मॅक्रो, म्हणजे अगदी जवळून टिपणारी, लेन्स घ्यायचा सल्ला दिला आणि रोज तिच्या लिंक पाठवल्या. पत्रकार परिषदांत अशी उत्तरं मी पुष्कळ ऐकली आहेत. विचारलेला प्रश्न सोडून सगळ्याला उत्तर मिळतं.

अखेर एक वापरलेली बॉडी सापडली. फुल फ्रेम, म्हणजे सेन्सर जुन्या फिल्मएवढा, व्ह्यूफाइंडर चांगला, मालक ठाण्यातलाच. मी डोंबिवलीला घरी फोन करून सांगितलं. आईनं विचारलं, आणणार कधी? मी म्हटलं, उद्या.

"पितृपक्ष चालू आहे. आत्ता नवीन वस्तू घ्यायची नाही."

"आई, ती नवीन नाहीये. जुनी आहे."

"आपल्या घरात नवीनच ना."

वडिलांनी मागून पुस्ती जोडली की घाई करू नकोस, चित्रं कुठे पळून जात नाहीत. ज्यांच्या इच्छेसाठी मी धावत होते तेच हे सांगत होते. सर्वपित्री होईपर्यंत मालकानं ती बॉडी दुसऱ्याला विकली.

दुसरी कल्याणला मिळाली, लग्नाचे फोटो काढणाऱ्या एकाकडे. त्याला नवीन मॉडेल घ्यायचं होतं. मी रिंग आणि वडिलांची लेन्स घेऊन गेले. आटे बसले. समोरच्या कॅलेंडरवरची तिथी स्पष्ट वाचता आली. त्यानं विचारलं, "ताई, एवढी जुनी लेन्स? यूट्यूबवर टाकणार का?" मी नाही म्हटलं. मग कशासाठी, हे त्याला सांगत बसले नाही. तोवर दसरा होऊन गेला होता, त्यामुळे कोणाची हरकत नव्हती.

त्याच रविवारी सगळं सामान घेऊन मी डोंबिवलीला गेले. चित्रं पलंगावर एकावर एक रचून ठेवली होती. फ्रेममधून काढलेली. खोलीतला ट्यूबलाइट त्यांच्यावर जसाच्या तसा चमकत होता.

वडिलांनी ती लॅमिनेट करून आणली होती.

आमच्या घरात हे नवीन नाही. रेशनकार्ड, गुणपत्रिका, आजोबांचा फोटो, माझ्या लग्नाची पत्रिका, सगळं लॅमिनेट केलेलं आहे. जे जपायचं ते प्लॅस्टिकमध्ये, असा या घराचा नियम आहे. फ्रेम जड, हलवताना काचा फुटणार, टेम्पोत पाणी लागलं तर रंग जाणार, असा विचार करून वडील थोडी थोडी चित्रं रिक्षातून स्टेशनजवळच्या दुकानात नेत होते. मी बॉडी शोधत होते तेव्हा. मशीनमध्ये न मावणारी चार मोठी चित्रं तेवढी वाचली होती. खरखरीत कागदामुळे काही ठिकाणी हवा अडकली होती आणि खाडीवर चंदेरी ठिपके आले होते.

"खराब होऊ नयेत म्हणून केलं," ते म्हणाले. माझ्या चेहऱ्याकडे पाहून पुढे म्हणाले, "तू एवढा विचार करून कॅमेरा आणलास. त्याला यातून दिसत नाही?"

मी पहिला फोटो काढून त्यांना दाखवला. आंबिवलीच्या नदीत आमची खिडकी, ट्रायपॉड आणि मी, तिघंही स्पष्ट होतो. लेन्स उत्तम होती, यात शंका नाही.

त्यांनी फोटोतल्या खिडकीवर बोट ठेवलं. मग हळूच विचारलं, "म्हणजे आता नाही निघणार?"

मी सहकाऱ्याला फोन लावला. या वेळी त्यानं विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर दिलं. चमकणाऱ्या वस्तूसमोर जे असतं ते तिच्यात दिसतं, म्हणून समोर सगळं काळं हवं. काळा पडदा, त्याला भोक, भोकातून लेन्स. खिडकी बंद, दिवे दोन्ही बाजूंनी तिरपे.

काळा पडदा घरात नव्हता. आईकडे संक्रांतीच्या दोन काळ्या साड्या होत्या, त्यातली एक तिच्या पहिल्या संक्रांतीची चंद्रकळा. ती तिनं स्वतः काढून आणली.

"भोक पाडलंस तर बघ."

भोक पाडलं नाही. दोरीवर दोन्ही साड्या चिमट्यांनी शेजारी शेजारी लावल्या आणि मधल्या फटीतून लेन्स बाहेर काढली. आई फट धरून उभी राहिली आणि आपण उभ्या आहोत हे दर चित्राला सांगत राहिली. वडील भिंतीवर चित्र लावायचे, मी फोकस करायचे. फोटोत ठिपके आलेच, चकाकी मात्र गेली.

खाडीच्या चित्रावर मी व्ह्यूफाइंडरमध्ये चिखल मोठा करून त्यांना बोलावलं. त्यांनी चष्मा काढून डोळा लावला.

"बरोबर आलाय," ते म्हणाले. डोळा मात्र काढला नाही. आईनं विचारलं, फट सोडू का?

प्रिंट आल्या तेव्हा निम्मं सामान खोक्यांत होतं. रिकाम्या हॉलमध्ये आम्ही त्या फरशीवर सलग मांडल्या, जुन्या चित्रापासून नव्यापर्यंत. क्रम त्यांनीच सांगितला. ते भिंतीच्या कडेनं चालत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेले, परत आले, आणि पुन्हा गेले. दोन प्रिंटची अदलाबदल केली. मग खाली बसून एकेक उचलू लागले.

"कागद चांगला आहे," ते म्हणाले. "पण असाच ठेवला तर टिकायचा नाही. ते दुकान अजून उघडं असेल."

मी नाही म्हटलं.

"बघू," ते म्हणाले.

प्रिंट माझ्याकडे ठाण्याला आहेत. फोनवर ते अधूनमधून चौकशी करतात. पाहायच्या असतील तर इथे या, असं मी त्यांना सांगितलं आहे.