शेंदराखालची नळी

देवपुरात आमचं आडनाव विचारलं तर कोणी सांगणार नाही. "अडकलेलं काढणारे नाना" असं म्हटलं की रिक्षावाला दारात आणून सोडतो. एकदा बोटात अंगठी रुतलेली बाई अशीच आणून सोडली होती. ह्यांनी साबणाचं पाणी आणि दोरा लावून दहा मिनिटांत अंगठी काढून दिली. बाईंना वाटलं, हे डॉक्टर आहेत. ह्यांनी खुलासा केला नाही.

हे म्हणजे माझे यजमान, झुलाल. खरं काम बँडच्या पितळी वाद्यांचं. कॉर्नेट काय, ट्रंपेट काय, प्रत्येकाला एक वाकडी नळी असते, ती दुसऱ्या नळीत सरकते. बाहेर ओढली की सूर उतरतो, आत ढकलली की चढतो. अशी सरकवूनच सगळा बँड एका सुरात येतो. पण लग्नसराई संपली की वाद्यं पेटीत जातात आणि चातुर्मासभर त्यांच्याकडे कोणी बघत नाही. आत थुंकी वाळते, पितळ कळकतं. तुळशीच्या लग्नाला पेट्या उघडतात तेव्हा नळी जागची हलत नाही. मग मंडळी पक्कड लावतात. ह्यांचं म्हणणं असं की अडकून जेवढी वाद्यं मेली नाहीत, तेवढी पकडीनं मेली.

ह्यांची रीत साधी. सांध्यावर घासलेट आणि मशीनच्या तेलाचे थेंब सोडायचे, दोन दिवस वाट बघायची, लाकडी हातोडीनं हळूहळू ठोकायचं. मग नळीच्या वळणातून सुती पट्टी घालून एकच झटका. नाही आली तर पुन्हा थेंब, पुन्हा दोन दिवस. ह्या माणसाला चहा पाच मिनिटं उशिरा आलेला चालत नाही, पण एका नळीपाशी पंधरा दिवस बसतो.

तरुणपणी हे स्वतः अमळनेरच्या एका बँडमध्ये कॉर्नेट वाजवायचे. आमच्या लग्नात त्यांचाच बँड होता आणि त्यात एक वाजवणारा कमी होता, कारण तो बोहल्यावर उभा होता. अंतरपाट धरलेला असताना बाहेर कोणाचा तरी सूर घसरला, तर ह्यांनी मान वळवून तिकडे पाहिलं. भटजींना मंगलाष्टक थांबवावं लागलं. माझ्या वडिलांनी ते मनाला लावून घेतलं होतं.

पुढे एसटीच्या टपावरून मोठा ढोल उतरवताना हे खाली आले आणि समोरचे दोन दात गेले. कॉर्नेट ओठांवर धरतात, पण त्याचा जोर दातांवर असतो. कवळी लावून पाहिली. गोरगरिबांच्या लग्नात नवरदेवापुढे कवळी पडली तर शकुन काय म्हणायचा, म्हणून ते सोडलं. मालेगावला एका म्हाताऱ्या मिस्तरींकडे तीन वर्षं राहून दुरुस्ती शिकले आणि आमच्या पुढच्या खोलीत दुकान मांडलं. त्याला आता चाळीस वर्षं होत आली. एवढ्या वर्षांत अडकलेलं वाद्य तसंच परत गेलं नाही. हे स्वतः बोलून दाखवत नाहीत, गिऱ्हाईक बोलतं तेव्हा तोंड फिरवून ऐकतात.

कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी पिंपळनेरचे मोतीलाल आले. त्यांचा स्वतःचा बँड आहे. हातात लाल फडक्यात गुंडाळलेलं कॉर्नेट. ते त्यांच्या वडिलांचं, चिंधाआबांचं. आबांना जाऊन दोन वर्षं झाली. मोतीलालच्या मुलीचं, दिपमालाचं लग्न मार्गशीर्षात अमळनेरला ठरलं होतं. पोरीच्या वरातीपुढे आजोबांचं कॉर्नेट आपण स्वतः वाजवायचं, एवढं एकच मोतीलालनं मनात धरलं होतं. आता बँडमध्ये कीबोर्ड असतो, बाकीची वाद्यं नवी आहेत, आणि नळी आत रुतल्यामुळे हे कॉर्नेट सगळ्यांच्या वर चढून वाजत होतं.

"नाना, हाई नळी निंघाले पाहिजे," मोतीलाल म्हणाले. "मनी पोरना लगीनमा मी हाईच वाजाडसू."

ह्यांनी फडकं सोडलं आणि वाद्य उजेडाकडे धरलं. मीही डोकावले. वाद्य होतं, पण जिथे नळी नळीत जाते तो सांधा दिसत नव्हता. तिथे शेंदराचा बोटभर जाडीचा थर होता. आबा दर दसऱ्याला कॉर्नेटची पूजा करायचे आणि तेलात कालवलेला शेंदूर नेमका त्या सांध्यावर लावायचे, कारण वाजवताना त्यांचा अंगठा तिथे असायचा. असे चाळीस दसरे. जुन्या नळांच्या सांध्यांत पाणी गळू नये म्हणून तेलातला शेंदूरच भरायचे, हे नळाच्या कोणत्याही मिस्तरीला माहीत असतं. आबांनी पूजा म्हणून तेच काम चाळीस वर्षं मनोभावे केलं होतं.

ह्यांनी खरवडायची लोखंडी पट्टी उचलली, तर मोतीलालनं हात धरला. खरवडायचं नाही, असं त्यांच्या आईनं, वच्छलाबाईंनी, बजावून पाठवलं होतं. आणि मी तिथे उभी होते, तर मीही सांगितलं की देवाचा शेंदूर माझ्या घरात कोणी खरवडणार नाही. मारुतीची शेंदराची खोळ आपोआप सुटून पडते, मग ती नदीत सोडतात. माणसानं ती उपटायची नसते. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि पट्टी खाली ठेवली. गिऱ्हाइकाची आई एक आणि घरातली बायको एक, दोघींशी भांडायला त्यांच्याकडे दात नव्हते.

मग आठ दिवस कॉर्नेट कपाटावर होतं. तोंडाकडून आत तेल सोडून बघितलं, एक थेंबही सांध्यापर्यंत गेला नाही. हे जेवताना त्याच्याकडे बघायचे. नवव्या दिवशी त्यांनी ते लाल फडक्यात नीट गुंडाळलं आणि मोतीलालला फोन लावायला सांगितलं, परत न्यायला या म्हणून. मी फोन लगेच लावला नाही. दुपारी ताटातली अर्धी भाकरी तशीच राहिली. विचारलं तर म्हणाले, पीठ जुनं होतं. पीठ आदल्या दिवशीचं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी देवपूजा करत होते. थंडी सुरू झाली की मी बाळकृष्णाला कोमट पाण्यानं आंघोळ घालते. हे मागे येऊन उभे राहिले. देवघराकडे ते सहसा फिरकत नाहीत, त्यामुळे मला वाटलं, कोणाचं काही बरंवाईट झालं.

"देवाला किती गरम पाणी चालतं?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, हाताला सोसेल तेवढं.

"कोणाच्या हाताला?"

मी म्हटलं, आंघोळ घालणाऱ्याच्या. हे तसेच निघून गेले आणि मोतीलालला स्वतः फोन केला: आईला घेऊन या.

वच्छलाबाई आल्या त्या देवाला निघाल्यासारख्या, नवं लुगडं नेसून, हातात शेंदराचा करंडा. ऐंशीच्या पुढच्या आहेत, पण नजर पक्की. दुकानात स्टुलावर बसल्या आणि आधीच सांगून टाकलं, "शेंदूरले हात लावाना नही. हाऊ देव शे, भांडं नही."

हे म्हणाले, "लावत नही, अक्का. पन देवले आंघोळ तर घालता यी ना?"

त्यात त्यांना काही वावगं दिसेना. देवाला आंघोळ रोजच घालतात.

मी पितळी परातीत पाट ठेवला, पाटावर कॉर्नेट. गॅसवर पातेलं होतं. ह्यांनी आधी स्वतःचा हात पाण्यात बुडवून दाखवला आणि मग तांब्या भरला. वच्छलाबाईंनी एक बोट घातलं आणि झटकन काढून पदरात धरलं. पण बोलता येईना, कारण ह्यांचा हात आत होता आणि चेहऱ्यावर काही नव्हतं. चाळीस वर्षं तापलेलं पितळ धरून त्या हातांना आता ऊन-गार फारसं कळत नाही. गरम भगुणं हे चिमट्याशिवाय उतरवतात, मी कितीदा ओरडले आहे.

पहिला तांब्या, दुसरा तांब्या. वच्छलाबाई रामनाम घेत होत्या, मीही घेत होते. मोतीलाल भिंतीला पाठ लावून उभे होते आणि काहीच घेत नव्हते. हे प्रत्येक तांब्यानंतर थांबून पाणी निथळू देत. सातव्या तांब्याला बारीकसा आवाज झाला, वाळलेली शेंग उकलते तसा. आतलं पितळ तापून फुगलं आणि शेंदराला उभी चीर गेली. नवव्याला दोन तुकडे सुटून परातीत पडले. कोणी बोट लावलं नव्हतं.

वच्छलाबाई खाली बसल्या. एका तुकड्यावर अंगठ्याची खोलगट जागा होती. त्यांनी ते दोन्ही तुकडे पदरात घेतले, बांधले आणि गाठ कमरेला खोचली. पांझरेत सोडायचे का, असं मी विचारलं तर म्हणाल्या, आमच्याकडेही नदी आहे.

मग ह्यांनी नळीच्या वळणातून सुती पट्टी घातली. पहिल्या झटक्याला काही नाही, दुसऱ्याला काही नाही. तिसऱ्याला नळी ह्यांच्या हातात आली, आणि तोल जाऊन हे माझ्या अंगावर आले. शेंदरानं आत वारा जाऊ दिला नव्हता, त्यामुळे चाळीस वर्षांपूर्वीचं पितळ जसंच्या तसं पिवळं होतं. हे ते बराच वेळ फिरवून बघत राहिले. म्हणाले, एवढी चांगली ठेवलेली नळी मी आजवर पाहिली नाही.

नळी पुसून, तेल लावून पुन्हा बसवली. दोन बोटांनी सरकत होती. मोतीलालच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. तेवढ्यात वच्छलाबाईंनी करंडा उघडला आणि तेल मागितलं. देव उघडा ठेवायचा नाही म्हणाल्या. त्यांचं बोट त्याच सांध्याकडे निघालं होतं.

मोतीलाल म्हणाले, "माय, नको ना व." त्यांनी ऐकलं नाही. त्यांचं चुकत होतं असं मला म्हणवत नव्हतं.

हे परातीजवळ उकिडवे बसले. "अक्का, मारोतीले शेंदूर लावतस, पन डोया मोकळाच ठेवतस ना?"

"ठेवतस."

"मंग हाई नळी याना डोया शेत."

वच्छलाबाईंनी बोट तसंच हवेत धरलं. शेंदराचा एक थेंब परातीत पडला. त्यांनी ह्यांच्याकडे बघितलं, नळीकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. देवाचे डोळे शेंदरानं कोणी बुजवत नाही, हे खरंच आहे. त्यांनी बोट वळवलं आणि कॉर्नेटच्या भोंग्याच्या काठाला खालून जाड टिळा ओढला. तिथे लागला तर आवाजाला काही होत नाही, असं ह्यांनी मला नंतर सांगितलं. तेव्हा मात्र चेहऱ्यावर काही दाखवलं नाही.

लग्नाला आम्ही दोघं अमळनेरला गेलो. मोतीलालनं वरातीपुढे कॉर्नेट वाजवलं, मागे कीबोर्डची गाडी. वच्छलाबाई नवरदेवाच्या घोड्याशेजारी नव्हत्या, लेकाशेजारी चालत होत्या आणि लोकांचे हात त्या नळीला लागू देत नव्हत्या. मला तर सगळं सुरात वाटलं. हे मात्र मान तिरकी करून चालत होते. चौकात मंडळी नाचायला थांबली तेव्हा हे सरळ बँडमध्ये शिरले, मोतीलाल वाजवतच होते, ह्यांनी हात घालून नळी एक सूत बाहेर ओढली आणि परत माझ्याशेजारी येऊन उभे राहिले.

वच्छलाबाईंनी ह्यांचा हात अडवला नाही. मग आम्ही जेवायला गेलो.